लातूरला आलेल्या ट्रान्समॅशहोल्डिंगची नेमकी ओळख काय?

मांजराकाठी

हरंगुळच्या मराठवाडा रेल्वे कोच कारखान्याची पायाभरणी ३१ मार्च २०१८ रोजी झाली आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये तेथून डब्याचा पहिला सांगाडा बाहेर पडला, तेव्हा लातूर जिल्ह्यातील आम्हा अनेकांना वाटले होते की आता येथे कायमचे काम आले. त्यानंतर बराच काळ कामाची वाट पाहण्यातच गेला. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये रेल्वे मंत्रालयाशी करार झाला आणि वंदे भारत शयनयान गाड्यांचे १९२० डबे येथे बांधण्याचे, शिवाय त्या गाड्यांची ३५ वर्षे देखभाल करण्याचे काम 'किनेट रेल्वे सोल्यूशन्स' या कंपनीकडे आले. या कंपनीत रेल विकास निगम हा भारतीय भागीदार आहे, परंतु मोठा वाटा मेट्रोव्हॅगनमॅश या रशियन कारखान्याचा आहे, आणि तो कारखाना ट्रान्समॅशहोल्डिंग या उद्योगसमूहात मोडतो.

सीमेन्स, आल्स्टोम, बॉम्बार्डियर ही नावे आपल्याकडे मेट्रो आणि लोकलमुळे घरोघरी पोहोचली आहेत. ट्रान्समॅशहोल्डिंगविषयी मात्र मराठीत वाचायला जवळजवळ काहीच मिळत नाही. माझ्या ओळखीतील कितीतरी मुले आयटीआय आणि डिप्लोमा करून या कारखान्याकडे डोळे लावून बसली आहेत. ज्या कंपनीच्या भरवशावर ती थांबली आहेत, तिने आजवर काय बांधले, ते कसे चालले आणि ३५ वर्षांची जबाबदारी पेलण्याची तिची तयारी आहे का, हे जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

इतिहासवेडा

धाग्याबद्दल आभार. मुळापासून सुरुवात करतो. ट्रान्समॅशहोल्डिंग हे नाव २००२ सालचे आहे, पण त्याखाली एकत्र आलेले कारखाने त्याहून कितीतरी जुने आहेत. मॉस्कोच्या आग्नेयेला, मॉस्क्वा आणि ओका या नद्यांच्या संगमाजवळ असलेला कोलोम्ना येथील कारखाना १८६३ मध्ये सुरू झाला. आधी त्याने पूल बांधले आणि १८६९ मध्ये पहिले वाफेचे इंजिन तयार केले. ब्रियान्स्कचा कारखाना १८७३ चा, मॉस्कोला लागून असलेल्या मितीश्चीचा १८९७ चा आणि त्वेरचा १८९८ चा. डॉन नदीच्या खोऱ्यातील नोवोचेरकास्कचा कारखाना त्या मानाने अलीकडचा, म्हणजे १९३६ चा.

यांतील प्रत्येकाचे काम ठरलेले आहे. नोवोचेरकास्कला विद्युत इंजिने होतात, ब्रियान्स्कला मालगाड्यांची आणि शंटिंगची (यार्डात डबे हलवण्याची) डिझेल इंजिने होतात, कोलोम्नाला प्रवासी गाड्यांची इंजिने व मोठी डिझेल यंत्रे, त्वेरला लांब पल्ल्याचे प्रवासी डबे आणि मितीश्चीला मेट्रोचे डबे होतात. १५ मे १९३५ रोजी मॉस्को मेट्रो सुरू झाली तेव्हा तिचे पहिले डबे मितीश्चीचेच होते. लातूरच्या करारात जे मेट्रोव्हॅगनमॅश आहे, ते हेच.

निविदावाचक

माझी पहिली शंका इथेच आहे. मितीश्चीचा कारखाना मेट्रोचे डबे बांधतो. मेट्रोचा प्रवासी अर्धा तास उभा राहतो आणि उतरतो. शयनयानात तो रात्रभर झोपतो, जेवतो, लहान मुलांना सांभाळतो आणि सामान ठेवायला जागा मागतो. या दोन गाड्यांचे आतील जग पूर्ण वेगळे आहे. निविदेत सर्वांत कमी बोली, म्हणजे १६ डब्यांच्या एका गाडीमागे सुमारे १२० कोटी रुपये, या गटाची होती आणि म्हणून त्यांना काम मिळाले, हे नियमाला धरूनच झाले. परंतु कमी दर आणि योग्य अनुभव या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, आणि रेल्वेने दुसरीची तपासणी किती खोलवर केली, हा प्रश्न विचारायलाच हवा.

त्वेरवासी

मी वैद्यकीय शिक्षणासाठी काही वर्षे त्वेरला होते. तेथे भारतीय विद्यार्थ्यांची मोठी वस्ती आहे आणि त्यांत मराठी मुलेमुलीही पुष्कळ असतात. निविदावाचक यांची शंका योग्य आहे, पण तिचे उत्तर त्याच समूहात सापडते असे मला वाटते. रशियात लांब पल्ल्याच्या गाडीत बसल्यावर डब्याच्या दारावरची पाटी पाहिली तर बहुतेक वेळा तो त्वेरचाच निघतो.

त्या डब्यांविषयी थोडे लिहिते, कारण शयनयान म्हणजे काय याची रशियन समज त्यांतून दिसते. प्लात्सकार्त हा आपल्या स्लीपरसारखा उघडा डबा ५४ बर्थचा असतो, तर कुपे या बंद कप्प्यांच्या डब्यात ३६ बर्थ असतात. प्रत्येक डब्याच्या एका टोकाला गरम पाण्याचा उंच बंब असतो आणि त्यातून रात्री-अपरात्री कोणालाही चहासाठी पाणी घेता येते. डबा गरम ठेवणारा बॉयलर विजेवर चालतो, पण वीज गेली तर कोळशावरही चालू शकतो, कारण उणे ३० अंशांत उजाड माळावर गाडी थांबली तर विजेवर विसंबून राहता येत नाही. डब्याला स्वतःची सेविका असते. चादरी देणे, स्वच्छता, बॉयलर आणि दारे ही सगळी तिची जबाबदारी असते. २०१३ पासून मॉस्को ते आद्लेर या मार्गावर त्वेरचे दुमजली शयनयान डबे धावू लागले आणि त्यांत ३६ ऐवजी ६४ प्रवासी झोपतात. वरच्या मजल्यावर छत डोक्याला जवळ येते, पण बर्थ आरामशीर आहे आणि डबा अतिशय शांत चालतो.

तेव्हा हे ज्ञान समूहाकडे नक्की आहे. ते मितीश्चीमार्गे लातूरला पूर्णपणे पोहोचते का, हे पाहायचे.

लोहपथिक

त्वेरवासी, फार उपयुक्त माहिती दिलीत. मी मध्य रेल्वेच्या विद्युत विभागातून निवृत्त झालो आहे, म्हणून इंजिनांविषयी लिहितो.

रशियात आपल्यासारखाच एक जुना पेच आहे. देशाचा बराचसा पश्चिम भाग ३ किलोव्होल्ट डीसीवर चालतो, तर पूर्वेकडचा आणि दक्षिणेकडचा बराच भाग २५ किलोव्होल्ट एसीवर. पूर्वी सीमेवरच्या स्थानकात इंजिन बदलावे लागे. मुंबईकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही, कारण आपल्याकडे १५०० व्होल्ट डीसी होते आणि इगतपुरीला इंजिन बदलण्यासाठी गाडी थांबत असे. त्यावर तोडगा म्हणून डब्ल्यूसीएएम जातीची दोन्ही दाबांवर चालणारी इंजिने आली आणि पुढे मुंबईचा सगळा भागच २५ किलोव्होल्टवर नेला गेला. रशियाचे जाळे इतके विस्तीर्ण आहे की तिथे सगळे बदलणे परवडणारे नव्हते. म्हणून नोवोचेरकास्कने आल्स्टोमच्या साह्याने ईपी२० हे दोन्ही दाबांवर चालणारे प्रवासी इंजिन विकसित केले. त्याची शक्ती ७२०० किलोवॉट आणि कमाल वेग ताशी २०० किलोमीटर आहे. रशियन रेल्वेने २०१० साली अशा २०० इंजिनांची मागणी नोंदवली होती.

मालवाहतुकीत त्यांचे नाव घ्यायचे तर 'येर्माक' मालिकेचे घ्यावे लागेल. तीन भागांचे ३ईएस५के हे इंजिन ९८४० किलोवॉटचे आहे आणि ते सैबेरियाच्या चढांवर अतिजड मालगाड्या ओढते. तुलनेसाठी सांगतो, मधेपुऱ्यात बनणारे आपले डब्ल्यूएजी-१२ सुमारे ९००० किलोवॉटचे आहे. फरक असा की आपल्या इंजिनात थ्री-फेज मोटारी आहेत आणि येर्माकमध्ये जुन्या पद्धतीच्या कम्युटेटर मोटारी आहेत. जुने तंत्र म्हणून काही जण नाक मुरडतात. मला मात्र त्यात एक शहाणपण दिसते. हजारो किलोमीटरच्या आडवाटेवर, जिथे दुरुस्तीचे शेड लांब आहे, तिथे साध्या लोको शेडमधील माणसाला कळणारे यंत्र असणे ही मोठी सोय असते.

अक्षय_प

कोलोम्नाच्या टीईपी८० चा उल्लेख राहिला. ५ ऑक्टोबर १९९३ रोजी या डिझेल इंजिनाने ताशी २७१ किलोमीटर वेग गाठला होता. ते आता सेंट पीटर्सबर्गच्या रेल्वे संग्रहालयात आहे.

निविदावाचक

विक्रम चांगलाच आहे, पण त्या इंजिनाचे मालिका उत्पादन कधी झालेच नाही, हेही लिहायला हवे. एक नमुना उत्तम बनवणे आणि १९२० डबे एकाच दर्जाचे देणे, ही दोन वेगवेगळी कौशल्ये आहेत.

इतिहासवेडा

निविदावाचक, ते इंजिन मागे पडले ते त्याच्या दर्जामुळे नव्हे, देशच कोसळला होता म्हणून. या ठिकाणी मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे असे मला वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सोव्हिएत काळात रेल्वेची अवजड सामग्री समाजवादी गटात वाटून बनवली जात असे. वेगवान प्रवासी विद्युत इंजिने चेकोस्लोव्हाकियातील प्लझेनच्या श्कोडा कारखान्यातून येत. लोकल गाड्या लाटव्हियातील रीगा येथे होत. मालगाड्यांची मोठी डिझेल इंजिने युक्रेनमधील लुहान्स्कला होत. त्वेरच्या जोडीला प्रवासी डबे पूर्व जर्मनीतील आम्मेनडोर्फहून येत. १९९१ नंतर हे सगळे पुरवठादार एकाएकी परदेशी झाले आणि त्यांना द्यायला परकीय चलन उरले नाही. त्याच वेळी रशियन रेल्वेची मागणीही कोसळली, कारखान्यांत पगार थकले आणि अनुभवी माणसे निघून गेली.

म्हणजे रशियात जे शिल्लक होते त्यांना दुसऱ्यांचे काम नव्याने शिकावे लागले. मॉस्कोजवळच्या देमिखोवो येथील कारखान्यात तोवर लोकल गाड्या कधी बनल्या नव्हत्या. १९९० च्या दशकात तिथे त्या बनू लागल्या. कोलोम्नाची ओळख डिझेलची होती, तिने पुढे ईपी२के हे प्रवासी विद्युत इंजिन उभे केले. ब्रियान्स्कने मुख्य मार्गावरील मालगाड्यांची डिझेल इंजिने हाती घेतली. २००२ मध्ये हे विखुरलेले कारखाने एका मालकीखाली आले आणि रशियन रेल्वेच्या मोठ्या मागण्यांमुळे ते पुन्हा उभे राहिले. ट्रान्समॅशहोल्डिंग म्हणजे तुटलेल्या पुरवठ्यानंतर स्वतः बनवायला शिकलेल्या कारखान्यांचा समूह आहे, अशी मी त्याची ओळख करून देईन.

शाल्मली

नोवोचेरकास्कचे नाव निघाले आहे, तर १९६२ चा उल्लेख टाळता येणार नाही. १ जून १९६२ रोजी सोव्हिएत सरकारने मांस आणि लोण्याचे भाव वाढवले. त्याच सुमारास या विद्युत इंजिन कारखान्यात कामाचे मापदंड वाढवून प्रत्यक्षात मजुरी कमी केली गेली होती. कामगारांनी काम थांबवले, जवळून जाणारा लोहमार्ग अडवला आणि दुसऱ्या दिवशी शहराकडे मोर्चा नेला. तेथे त्यांच्यावर गोळीबार झाला आणि २६ माणसे मारली गेली. त्यानंतर ७ जणांना मृत्युदंड दिला गेला. मृतांना कुटुंबांना न कळवता दूरदूरच्या दफनभूमींत पुरले गेले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत या घटनेवर उघड बोलता येत नव्हते.

आपण अश्वशक्ती आणि वेग यांची चर्चा करतो, ती आवश्यकच आहे. पण त्या इंजिनांमागे ही माणसे होती, आणि ज्यांच्या पाठोपाठ गिरणी कामगारांचा इतिहास चालत आला आहे त्या मराठी वाचकांनी तरी हे नाव वाचताना ते विसरू नये.

मांजराकाठी

शाल्मलीताई, हे मला अजिबात माहीत नव्हते. लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

दुना_किनारी

मी बुडापेस्टला राहतो. परदेशी ग्राहकाचा अनुभव म्हणून येथील एम-३ या मेट्रो मार्गाचे उदाहरण देतो. या मार्गावर सोव्हिएत काळातील, मितीश्चीहून आलेले डबे होते. २०१५ मध्ये त्यांतील २२२ डब्यांच्या नूतनीकरणाचे काम मेट्रोव्हॅगनमॅशलाच मिळाले. २०१७ च्या वसंतात पहिल्या गाड्या रुळांवर आल्या, पण दारांच्या बिघाडामुळे त्या लवकरच सेवेतून मागे घ्याव्या लागल्या. वातानुकूलन मूळ कामात नव्हते. त्यावरून शहरात मोठा वाद झाला आणि शेवटी ते नंतर बसवावे लागले.

आज त्या गाड्या रोज धावतात आणि दारांचा प्रश्न मागे पडला आहे. यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, कंपनी बिघाड सोडून पळाली नाही. दुसरी, करारात जे स्पष्ट लिहिलेले नसते ते नंतर मिळवायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. लातूरच्या बाबतीत दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे असे मला वाटते.

निविदावाचक

दुना_किनारी यांनी माझेच म्हणणे अधिक चांगल्या रीतीने मांडले. २०२४ मध्ये वर्तमानपत्रांतून जे आले ते आठवा. प्रत्येक डब्यात अधिक स्वच्छतागृहे, जेवणासाठी पॅन्ट्री आणि सामानासाठी वेगळी जागा यांवरून आराखड्यात बदल करावे लागतील, त्यामुळे वेळ आणि खर्च वाढेल, असे रशियन बाजूकडून सांगितले गेले. रात्रभराच्या प्रवासात भारतीय कुटुंबाला काय लागते, हे निविदा लिहितानाच ठरायला हवे होते. हा दोष मी रशियन कंपनीवर टाकणार नाही. त्याआधी भागीदारांत वाट्यावरून झालेल्या ओढाताणीतही करार लांबला होता, आणि तेव्हाही आपल्या बाजूने आधी पुरेसा विचार झाला नव्हता, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्वेरवासी

परदेशी प्रवाशाची गरज त्यांना कळत नाही असे मात्र नाही. इजिप्तच्या रेल्वेने २०१८ मध्ये १३०० प्रवासी डब्यांची मागणी या समूहाच्या पुढाकाराने झालेल्या रशियन-हंगेरियन गटाकडे नोंदवली. त्यांचे उत्पादन त्वेर आणि हंगेरी यांच्यात वाटले गेले. बर्फासाठी डबे बांधणाऱ्या कारखान्याने वाळूच्या आणि उष्णतेच्या प्रदेशासाठी डबे बांधले. १५२० मिलिमीटर गेजवर (दोन रुळांमधील अंतर) काम करणाऱ्यांनी ते १४३५ गेजसाठी बांधले. आपले गेज १६७६ आहे, म्हणजे रशियापेक्षाही रुंद. तेव्हा नव्या देशाच्या मापाला जुळवून घेणे त्यांना नवे नाही.

लोहपथिक

गेजपेक्षा मला काळजी सुट्या भागांची वाटते. ट्रान्समॅशहोल्डिंगमध्ये आल्स्टोमचा मोठा वाटा होता; २००९ मध्ये २५ टक्के आणि एक समभाग असा करार झाला होता, पुढे तो २० टक्क्यांवर आला. मार्च २०२२ मध्ये आल्स्टोमने रशियाला पुरवठा आणि तेथील नवी गुंतवणूक थांबवली आणि २०२४ मध्ये आपला वाटा विकून टाकला. स्वीडनची एसकेएफ ही बेअरिंग बनवणारी कंपनीही रशियातून बाहेर पडली. आधुनिक गाडीचा सांगाडा पोलादाचा असला तरी तिचा जीव कन्व्हर्टर (मोटारींना हवी तशी वीज बनवून देणारे यंत्र), ब्रेकची प्रणाली, बेअरिंग आणि नियंत्रण संगणक यांत असतो. यांतील जे जे रशियन कारखाने पश्चिम युरोपातून घेत होते, ते त्यांना अचानक मिळेनासे झाले.

इतिहासवेडा यांनी १९९१ चे जे चित्र रंगवले, तेच २०२२ मध्ये दुसऱ्यांदा घडले. पहिल्या वेळी ते शिकले. दुसऱ्या वेळी किती शिकले, हे अजून रुळांवर सिद्ध व्हायचे आहे. म्हणूनच लातूरच्या गाड्यांत ट्रॅक्शन मोटारी, कन्व्हर्टर आणि ब्रेक भारतीय किंवा भारतात कारखाना असलेल्या पुरवठादारांकडून यावेत, आणि रशियन बाजूने आराखडा, बांधणीची शिस्त व देखभालीची पद्धत द्यावी, अशी विभागणी मला सुरक्षित वाटते. ३५ वर्षांत एक बेअरिंग अडल्यामुळे रेक यार्डात उभा राहणे प्रवाशाला परवडणारे नाही.

खंडाळा_घाट

देखभालीच्या मुद्द्यावर एक भर घालतो. कारखान्यातून गाडी बाहेर पडते तेव्हा तिच्या खर्चाचा फक्त पहिला भाग संपलेला असतो. पूर्वी आपल्याकडे डबा पेरांबूर किंवा कपूरथळ्याला बने आणि त्याचे पीओएच, म्हणजे ठरावीक काळाने होणारी मोठी दुरुस्ती, माटुंग्याला होई. बनवणारा वेगळा आणि सांभाळणारा वेगळा. त्यामुळे ज्या भागापर्यंत हात पोहोचत नाही असा भाग बसवल्याचा त्रास बनवणाऱ्याला कधी भोगावा लागत नसे. आता जो बनवणार तोच ३५ वर्षे सांभाळणार, म्हणून गाडी सहज दुरुस्त होणे हे त्याच्याच हिताचे आहे. रशियातही या समूहाने लोकोटेकमार्फत इंजिनांच्या देखभालीचे फार मोठे काम अंगावर घेतले आहे. आपल्यासाठी कोलोम्नाच्या वेगाच्या विक्रमापेक्षा हा अनुभव अधिक मोलाचा आहे.

अक्षय_प

आवाज आणि धक्के यांविषयी कोणी लिहील का? झोपताना तेच महत्त्वाचे.

मॉस्को_प्रवासी

मी कामानिमित्त मॉस्कोत असतो, म्हणून मेट्रो आणि उपनगरी गाड्यांविषयी सांगू शकतो. २०१७ पासून आलेल्या 'मोस्क्वा' मालिकेच्या मेट्रो गाड्यांत एका डब्यातून दुसऱ्यात चालत जाता येते, दारे रुंद आहेत आणि जुन्या गाड्यांच्या तुलनेत आवाज खूप कमी आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या, शहर आरपार ओलांडणाऱ्या उपनगरी व्यास मार्गांवर त्वेरच्या 'इवोल्गा' गाड्या धावतात, त्यांचा प्रवासही गुळगुळीत आहे. त्या गाड्या प्रत्येक पिढीत सुधारत गेल्या, हे मी स्वतः पाहिले आहे. पण तेथील रूळही अतिशय काळजीने राखलेले असतात. डब्याचे स्प्रिंग कितीही चांगले असले तरी सांधे खराब असतील तर रात्रीची झोप मोडणारच, तेव्हा या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्या मार्ग विभागाकडे आहे.

मांजराकाठी

सर्वांचे प्रतिसाद वाचून माझ्या प्रश्नाचे रूप बदलले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीच्या रेल्वे प्रदर्शनात किनेटने प्रथम वर्गाच्या डब्याची अंतर्गत रचना मांडली, तेव्हा आमच्याकडे सगळे तिच्या छायाचित्रांतील रंग आणि दिवे पाहत होते. आता मला वेगळे विचारावेसे वाटते. हरंगुळला डब्याचा सांगाडा वेल्डिंगपासून बनणार, की आलेले भाग जोडले जाणार? चाकांच्या बोगीची चौकट कुठे होणार? लातूर, धाराशिव, नांदेड, बीड येथील आयटीआयच्या अभ्यासक्रमात स्टेनलेस स्टीलचे वेल्डिंग आणि कन्व्हर्टरची चाचणी येणार का, आणि ते शिकवायला मितीश्चीहून कोणी येणार का? देमिखोवोचे कामगार कधीही न केलेले काम शिकले असतील, तर आमची मुलेही शिकू शकतात. फक्त त्यांच्या हाती पाना देण्याआधी कोणीतरी आराखडा उघडून दाखवला पाहिजे. लोकप्रतिनिधींना आणि कारखान्याच्या व्यवस्थापनाला द्यायचे निवेदन आम्ही काही जण तयार करत आहोत.

लोहपथिक

निवेदनात एक मागणी जरूर घाला. पहिल्या नमुना गाडीच्या चाचण्या सुरू होतील तेव्हा स्थानिक शिकाऊ उमेदवारांना त्या चमूत घ्यावे. बिघाड सापडतात ते तेव्हाच, आणि यंत्र खरे कळते तेही बिघाड शोधतानाच. मसुदा येथे टाका, तांत्रिक भाग मी तपासून देतो.

निविदावाचक

कराराच्या भाषेचा भाग माझ्याकडे द्या. सुट्या भागांचा किमान साठा आणि गाडी उभी राहिल्यास लागणारा दंड, ही दोन कलमे सार्वजनिक करण्याची मागणी त्यात असावी.

त्वेरवासी

रशियन भाषेतील पत्र हवे असेल तर मी लिहून देईन.